नाकातली नळी, पोटातले जीवाणू आणि आमची अकराशे वीस ग्रॅमची पोरगी

केळीवाला_यावल | ९ मे, रात्री ११:५०

राम राम मंडळी. एरवी मी करपा, केळीचे भाव आणि ठिबक यापलीकडच्या धाग्यांवर तोंड उघडत नाही. पण गेले बारा दिवस जळगावात एका दवाखान्याच्या जिन्यात मुक्काम आहे, आणि डोक्यात जे चाललंय ते इथेच विचारता येईल असं वाटलं.

आमची पोरगी २९ आठवडे भरल्यावर लगेच झाली. वजन ११२० ग्रॅम. केळीची एक फणी यापेक्षा जड भरते. काचेच्या पेटीत आहे. नाकातून पोटात बारीक नळी टाकलीय आणि तिच्यातून दर दोन तासांनी आईचं काढलेलं दूध जातं. सुरुवात १ मिलीने झाली, आज ८ मिलीवर आलोय. श्वासाचं मशीन परवा निघालं.

आज पुण्याच्या चुलतभावाने एक फॉरवर्ड पाठवलं. नळीने दूध दिलेल्या बाळांच्या पोटात वाईट जीवाणू घर करतात, आयुष्यभर प्रतिकारशक्ती राहत नाही, तेव्हा डॉक्टरांना नळी काढायला लावा, असं त्यात होतं. घरचीने ते वाचलं आणि तेव्हापासून तिचं दूधच आटल्यासारखं झालंय. राऊंडला डॉक्टर येतात तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. खरंच नळीमुळे पोटातले जीवाणू बिघडतात का? बिघडत असतील तर आमच्या हातात काय आहे?

पांझराकाठ | १० मे, रात्री १२:२०

भाऊ, धीर धर. आंडेर (पोरगी) शे ना, मंग चिवटच शे. बठ्ठं बरं व्हई. ते फॉरवर्ड आधी मोबाईलमधून उडव, वहिनीच्याही.

शून्य_ते_अठ्ठावीस | १० मे, सकाळी ६:१५

रात्रपाळी उरकून लिहितोय, चुका पोटात घाला. नवजात शिशु विभागात काम करतो. तुमच्या बाळाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्याबाबतचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच.

नळी का लागते ते आधी. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात जमायला बाळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांचं व्हावं लागतं. त्याआधी तोंडात दूध ओतलं तर ते फुप्फुसात उतरायची भीती असते. गंज चढलाय म्हणून भर पुरात तापीवरचा पूल काढा म्हणण्यातला हा प्रकार आहे.

सलाइनवर ठेवून पोट रिकामं ठेवावं, तर तेही धड नाही. आतड्याला काम मिळालं नाही की त्याचं अस्तर झिजतं. म्हणून सुरुवातीला किलोमागे दिवसाला १० ते २० मिली इतकंच दूध देतो. त्याने पोट भरत नाही, आतडं जागं राहतं. पुढे किती वेगाने वाढवायचं यावर आमच्यात वर्षानुवर्षं वाद होते. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २८०४ बाळांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. किलोमागे रोज १८ मिलीने वाढवा की ३० ने, दोन वर्षांनंतरच्या प्रकृतीत म्हणावा असा फरक दिसला नाही. आतड्याच्या आजारातही नाही.

आता जीवाणू. फॉरवर्डमधलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त त्रास देतं. कमी दिवसांच्या बाळांत बिफिडोबॅक्टेरियम हे चांगले जीवाणू उशिरा येतात. क्लेबसिएला, ई. कोलाय, एंटरोकोकस ही दवाखान्यात वावरणारी मंडळी आधी ठाण मांडतात. पण याच बाळांचं बऱ्याचदा सिझेरियन झालेलं असतं, त्यांना अँटिबायोटिक दिलेली असतात, आई दूर असते आणि मुळात आतडंच कोवळं असतं. या सगळ्यातून नळीचा वाटा वेगळा काढून दाखवणं फार कठीण. 'आयुष्यभर प्रतिकारशक्ती नाही' हे तर कुणीच सिद्ध केलेलं नाही.

रोखठोक_खान्देशी | १० मे, सकाळी ९:०५

नळी नव्हती तेव्हा पोरं जगत नव्हती काय? आमच्या आजीने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून सातव्या महिन्यातला काका जगवला. तो आज ऐंशीचा आहे, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हाणतो. दवाखान्यांना बिल वाढवायला काहीतरी लागतं.

जुनी_सिस्टर | १० मे, सकाळी १०:४०

रोखठोकभाऊ, तुमचे काका जगले ते सगळ्यांना दिसतात. त्याच गल्लीतली जी गेली त्यांचा हिशोब कोणी ठेवला नाही. मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली बरीच बाळांच्या वॉर्डात. बोळ्याने पाजलेलं आणि निळं पडून आणलेलं बाळ मी या हातांनी घेतलंय. हजार-अकराशे ग्रॅमचं बाळ बोळा चोखत नाही भाऊ, दूध नुसतं घशात ओघळतं.

केळीवालाभाऊ, तुम्ही घाबरू नये म्हणून सांगते नळी कशी घालतात ते. नाकापासून कानापर्यंत आणि तिथून पोटाच्या वरच्या भागापर्यंत माप घेतो, खूण करतो, मग हळू सरकवतो. दूध सिरिंजने दाबून ढकलायचं नसतं. दट्ट्या काढायचा, नुसती नळकांडी वर धरायची, दूध आपल्या वजनाने उतरतं. आठ मिलीला दहा-पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत. ती नळकांडी धरायचं काम आईला किंवा तुम्हाला शिकवतील का, ते विचारा. आमच्याकडे आम्ही शिकवायचो. आईच्या हातात तेवढं काम आलं तरी तिला बरं वाटतं, आणि दूध आटायचं निम्मं कारण काळजी असतं.

पेट्रीडिश | १० मे, दुपारी २:३०

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, जळगावातच. शून्य_ते_अठ्ठावीस यांच्याशी सहमत, तरी नळीला पूर्ण निर्दोष ठरवू नका.

२००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका गटाने दोन नवजात विभागांतून काढलेल्या १२९ नळ्या तपासल्या. साधारण चारातल्या तीन नळ्यांच्या आत एंटेरोबॅक्टेरिएसी कुळातले जीवाणू सापडले. क्लेबसिएला आणि ई. कोलाय याच कुळातले. ज्या बाळांना तोंडाने किंवा नळीने काहीच दिलं नव्हतं, त्यांच्याही नळ्यांत होते. म्हणजे दोष फक्त दुधाचा नाही. डेन्मार्कमध्ये २०१६ मध्ये दिसलं की नळी टाकून एकच दिवस झाला तरी आत भरपूर जीवाणू असू शकतात.

कारण साधं आहे. प्लास्टिकची नळी, आत दुधाचा ओलावा, आणि शरीराची नाहीतर पेटीची ऊब. जीवाणू आधी भिंतीला चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट थर विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत बसलेल्या जीवाणूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. दर दोन तासांनी दूध त्या थराला घासून जातं आणि थोडे थोडे जीवाणू पोटात नेतं. दूध ज्या वाटेने जातं, त्या वाटेवरच वस्ती झालेली.

मात्र थर आहे म्हणजे आजार होणारच, असं या अभ्यासांनी म्हटलेलं नाही. बहुतेक बाळं असल्या नळ्या घेऊनच मोठी होऊन घरी जातात.

केळीवाला_यावल | १० मे, रात्री ९:१०

ताई, हे तर मला तुमच्यापेक्षा चांगलं कळलं! आमच्या ठिबकच्या नळ्यांत नेमकं हेच होतं. पाणी स्वच्छ दिसतं, पण महिन्याभराने नळी चिरून बघा, आत बोटाला बुळबुळीत लागतं. मग ड्रिपर तुंबतात, शेवटच्या झाडांना पाणी पोचत नाही. आम्ही शेवटचं झाकण उघडून नळ्या धुऊन काढतो, क्लोरिन देतो, अ‍ॅसिड सोडतो.

आता मूर्ख प्रश्न. पोरीच्या नळीला अ‍ॅसिड सोडता येत नाही हे कळतं, पण मग नळी रोज का बदलत नाहीत?

शून्य_ते_अठ्ठावीस | १० मे, रात्री १०:३५

प्रश्न अजिबात मूर्ख नाही. दर वेळी नळी घालताना बाळाला त्रास होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, ऑक्सिजन खाली येतो, नाकाची त्वचा सोलते. आणि डेन्मार्कचा अभ्यास पेट्रीडिशताईंनी सांगितलाच, एका दिवसातही जीवाणू बसतात. रोज बदलून फार हाती लागत नाही. साध्या पीव्हीसीच्या नळ्या काही दिवसांत कडक होतात म्हणून लवकर बदलाव्या लागतात, सिलिकॉनच्या जास्त टिकतात. तुमच्या दवाखान्याचा नियम काय, ते विचारायला हरकत नाही.

अ‍ॅसिडचं मात्र गंमतीने घेऊ नका. पोटात अ‍ॅसिड असतंच, आणि नळीतून आलेल्या जीवाणूंना अडवायचं काम तेच करतं. या बाळांत ते आधीच कमी असतं. रॅनिटिडीनसारखी अ‍ॅसिड कमी करणारी औषधं दिलेल्या कमी दिवसांच्या बाळांत जंतुसंसर्ग आणि आतड्याचा गंभीर आजार जास्त दिसला. बाळ दूध वर काढतं म्हणून नातेवाईकच कधीकधी 'अ‍ॅसिडिटीचं काहीतरी द्या' म्हणून मागे लागतात. लागू नका.

नळी बदलण्यापेक्षा नळीतून काय जातं आणि कोणाच्या हातून जातं, याने जास्त फरक पडतो.

जुनी_सिस्टर | १० मे, रात्री ११:००

हात! मी सांगणारच होते. नळीचं टोक उघडं लोंबत असेल, गादीला टेकत असेल, तर सिस्टरला सांगा, झाकण लावायला. रागावली तर रागावू दे. दर फीडला नवी सिरिंज. आणि अंगठ्या, घड्याळ, नाडा-दोरा बाहेर ठेवून कोपरापर्यंत हात धुवायचे. देवाचा दोरा असला तरी. देव समजून घेतो.

तळोद्याची_लेक | ११ मे, दुपारी १:१५

माझा मुलगा ३० आठवड्यांचा होता, आता चार वर्षांचा आहे, सध्या शेजारच्यांच्या अंगणात आंब्यावर दगड मारतोय. आम्ही धुळ्यात होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे मला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं काचेतून बघू द्यायचे. तिसऱ्या दिवशी मला सुट्टी दिली आणि सांगितलं, आता घरी जा, बाळाला पावडरचं दूध चालू करतो, तुमचं पुरत नाही. माझं पुरत नव्हतं कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं की बाळ चोखत नसेल तर दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीही, हाताने दूध काढायचं असतं. शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या सासूने शिकवलं. मग माझा नवरा तळोद्याहून एसटीने दूध आणायचा. मे महिना. स्टीलचा डबा, भोवती ओला पंचा, शहाद्याला उतरून रसवंतीवरून बर्फ मागून घ्यायचा. ते दूध चांगलं राहिलं होतं की नाही देव जाणे, पण दिलं.

केळीवालादादा, वहिनींना दवाखान्याच्या जवळच ठेवा, काही करून. खोली भाड्याने घ्या.

पेट्रीडिश | ११ मे, दुपारी ४:००

तळोद्याच्या ताई, वाचून गलबललं.

उन्हाळ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पुस्तकात लिहिलेले तास आपल्या जिल्ह्याला लागू नाहीत. काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास चालतं म्हणतात, पण ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४५ अंश असतं, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. इथे ताजं काढलेलं लगेच द्यावं, नाहीतर काढल्या काढल्या फ्रिजमध्ये. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडून उघडून बघायचं नाही. बर्फ डब्याच्या बाहेर राहिला पाहिजे, वितळलेलं पाणी झाकणातून आत जाता कामा नये. रसवंतीच्या बर्फाचा भरवसा नाही.

आता दुधात काय असतं ते. आपण दूध विरजतो तेव्हा दुधात आधी खाद्य असतं आणि विरजण आपण बाहेरून घालतो. आईच्या दुधात दोन्ही असतं. त्यात दीडशेहून जास्त प्रकारच्या अशा साखरा आहेत ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. आईचं शरीर एवढी मेहनत घेऊन त्या बनवतं, कारण त्या बिफिडोबॅक्टेरियमचं, त्यातही इन्फँटिस नावाच्या प्रकाराचं, जेवण आहे. त्या साखरा खाऊन हे जीवाणू आम्लं तयार करतात आणि त्यात क्लेबसिएलासारख्यांना वाढणं जड जातं. शेतात पीक दाट उगवलं की तणाला जागा उरत नाही, तसं. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलं फोनमधून मान वर काढतात.

दुसऱ्या आईचं, दूधपेढीतलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. त्यात जीवाणू मरतात, चांगलेही. काही संरक्षक प्रथिनंही कमी होतात, पण या साखरा टिकतात. म्हणून स्वतःच्या आईचं पहिलं, ते नसेल तर पेढीचं, आणि शेवटी पावडर. आशियातली पहिली दूधपेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली.

रोखठोक_खान्देशी | ११ मे, सायंकाळी ६:२०

सायनला आहे. तळोद्याच्या बाईला काय उपयोग?

पेट्रीडिश | ११ मे, सायंकाळी ६:४५

या एका मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

केळीवाला_यावल | १४ मे, पहाटे ४:१०

पोट फुगलंय. नळीतून हिरवट पाणी परत आलं. दूध बंद केलं. एक्स-रे काढला, रक्त कल्चरला पाठवलंय, दोन अँटिबायोटिक चालू. डॉक्टर म्हणाले एनईसी आहे का ते बघतोय. मी 'हो' म्हणून मान हलवली, कळलं काहीच नाही.

जुनी_सिस्टर | १४ मे, पहाटे ४:३५

जागी आहे भाऊ. आत्ता ते जे करतायत ते बरोबर करतायत. वहिनींना सांगा, दूध काढणं थांबवायचं नाही, साठवा. दूध परत चालू होईल तेव्हा हेच लागेल. चहा प्या.

शून्य_ते_अठ्ठावीस | १४ मे, सकाळी ७:५०

एनईसी म्हणजे आतड्याच्या भिंतीला सूज येऊन तिचा काही भाग मरणं. दीड किलोखालच्या बाळांत शंभरात पाच ते दहा जणांना होतो. पोट फुगणं, हिरवी उलटी, शौचात रक्त, बाळ सुस्त पडणं ही लक्षणं. पण हिरवं पाणी आलं म्हणजे एनईसीच असं नाही, कोवळं आतडं नुसतं थकूनही असं करतं. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवा दिसली का, हे विचारा.

जीवाणूंचा संबंध इथे खरा येतो. हा आजार व्हायच्या आधी बऱ्याच बाळांच्या शौचात क्लेबसिएलाच्या कुळातले जीवाणू एकदम वाढलेले आढळतात. आणि आईच्या दुधाचा फरकही इथेच सगळ्यात ठळक. १९९० मध्ये ९२६ बाळांचा अभ्यास आला होता. फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार फक्त आईच्या दुधावरच्यांच्या सहा ते दहा पट होता. दोन्ही गटांना नळ्या होत्याच, हे लक्षात घ्या.

अँटिबायोटिकला आज विरोध करू नका, आज ती हवीत. कल्चर स्वच्छ आलं, म्हणजे रक्तात जंतू सापडले नाहीत, आणि बाळ सावरलं, तर किती दिवस चालू ठेवणार, एवढं मात्र नक्की विचारा. जन्मल्याबरोबर सुरू केलेली अँटिबायोटिक कल्चर निगेटिव्ह असूनही पाच किंवा जास्त दिवस चालली, त्या बाळांत एनईसी आणि मृत्यू जास्त आढळले आहेत. तण मारायच्या औषधाने पीकही जळतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

केळीवाला_यावल | १६ मे, रात्री ८:३०

कल्चर स्वच्छ. भिंतीत हवा नाही. पोट उतरलं. मी विचारलं, 'अँटिबायोटिक किती दिवस?' डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, कुठे वाचलंत? मग हसले आणि म्हणाले उद्या बंद करतोय. उद्यापासून परत १ मिली.

माझी आई म्हणतेय, सातव्यातली आहे म्हणून वाचली, आठव्यातली असती तर कठीण होतं.

शून्य_ते_अठ्ठावीस | १६ मे, रात्री ९:००

आईंना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर हेही सांगा की आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त जगतं. या समजुतीपायी आठव्यातल्या बाळांना दवाखान्यात आणायला उशीर झालेला मी पाहिलाय.

रावेर_जी९ | १७ मे, सकाळी ११:२५

शेतकरी गडी आहे, पण एक डोक्यात आलं. टिश्यू कल्चरची रोपं लॅबमधून येतात तेव्हा अगदी निर्जंतुक असतात. थेट शेतात लावली तर मरतात. आधी शेडनेटमध्ये हार्डनिंग करतो, मुळांना ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास देतो. चांगली बुरशी, चांगले जीवाणू आधी बसले की वाईटाला जागा मिळत नाही. मग पेटीतल्या बाळाला नळीतूनच चांगले जीवाणू का सोडत नाहीत? प्रोबायोटिकची पाकिटं मेडिकलवर मिळतात.

पेट्रीडिश | १७ मे, दुपारी १२:१०

उपमा झकास. फक्त रोप मेलं तर तुम्ही दुसरं लावता.

प्रोबायोटिकवर चाचण्या ढीगभर आहेत. सगळ्यांचा हिशोब एकत्र मांडला तर काही मिश्रणांनी एनईसी कमी झालेला दिसतो. पण कोणता जीवाणू यावर सगळं ठरतं. ब्रिटनमध्ये १३१५ बाळांवर एकाच प्रकारच्या बिफिडोबॅक्टेरियमची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. ओडिशातल्या खेड्यांत ४५५६ नवजातांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये गाजली, रक्तातला संसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ वर आले. पण ती बाळं ३५ आठवड्यांच्या पुढची, दोन किलोवरची होती. त्यावरून अकराशे ग्रॅमच्या बाळाचा निष्कर्ष काढायचा नाही. उलट २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, कारण एका कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तात पाकिटातलेच जीवाणू शिरले आणि ते दगावलं. तेव्हा मेडिकलमधून पाकीट आणून सिस्टरच्या हातात कोंबायचं नाही. दवाखाना स्वतःहून, तपासलेलं उत्पादन देत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि थोडा धीरही. सेंट लुइसला ५८ बाळांचे ९२२ शौचाचे नमुने तपासले, २०१४ ची गोष्ट. जीवाणूंचे गट ठराविक क्रमाने एकामागून एक येत गेले, आणि त्या येण्याचा वेग मुख्यतः बाळ किती आठवड्यांचं आहे यावर होता. म्हणजे आतडं वयात येईल तसं त्यातलं गावही बदलत जातं.

रोखठोक_खान्देशी | १७ मे, दुपारी १:००

अवांतर : जी-नाइन केळीला यंदा काय भाव मिळतोय रावेरला?

संपादक | १७ मे, दुपारी १:२०

भावाचा धागा वेगळा आहे. कृपया इथे नको.

केळीवाला_यावल | २१ मे, रात्री १०:००

१२६० ग्रॅम! आज घरचीच्या छातीवर उघड्या अंगाने ठेवली, वरून पातळ कापड बांधलं. कांगारू म्हणतात. एसी असलेली खोली आहे, तरी आई म्हणत होती एवढ्या उन्हाळ्यात पोरीला घामाने पुरळ येईल. दीड तास राहिली. नळीतून दूध चालू होतं आणि ती आईच्या अंगावर झोपली होती. मी सिरिंजची नळकांडी धरली, जुनी_सिस्टर ताई. हात कापत होता.

जुनी_सिस्टर | २१ मे, रात्री १०:१५

माझ्या डोळ्यात पाणी आलं बघा. आता पुढचं. दूध काढून छाती रिकामी झाली की नळीने फीड चालू असताना तिला आईला नुसतं लावायचं. दूध यायला नको, फक्त चोखायचा सराव. पोटात दूध जातंय आणि तोंड चोखतंय, या दोन्हीचा मेळ तिच्या डोक्यात बसतो. डॉक्टरांना विचारूनच.

शून्य_ते_अठ्ठावीस | २२ मे, सकाळी ६:४०

कांगारूचं महत्त्व नुसत्या मायेपुरतं नाही. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला. २८ दिवसांतले मृत्यू शंभरात जवळपास १६ वरून १२ वर आले. आईच्या त्वचेवरचे जीवाणू दवाखान्यातल्यांच्या आधी बाळावर बसतात, हाही एक भाग मानतात.

पेट्रीडिश | २२ मे, दुपारी ३:३०

यातच नळीचा खरा तोटा दडलाय, जो फॉरवर्डवाल्याच्या गावीही नाही. नळी तोंडाला वळसा घालून जाते. दूध आणि लाळ यांची भेटच होत नाही. बाळाच्या लाळेत आणि आईच्या दुधात असे घटक आहेत की दोन्ही एकत्र आले की थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि ते काही जीवाणूंना आवरतं. शिवाय अंगावर पिताना बाळाच्या तोंडातलं थोडं उलट आईकडे जातं. कॅनडातल्या २०१९ च्या अभ्यासात पंपाने काढलेल्या दुधात बिफिडोबॅक्टेरियम कमी आढळले, थेट अंगावर पाजणाऱ्यांच्या दुधात जास्त. म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसांतला चीक ०.१-०.२ मिली इतकाच गालाच्या आतून लावतात. गिळायला नाही, तोंडाला ओळख व्हावी म्हणून.

तळोद्याची_लेक | २२ मे, दुपारी ३:५०

वाचनखूण साठवली. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

केळीवाला_यावल | २ जून, रात्री ९:२०

१४८० ग्रॅम. दिवसातून चार वेळा वाटी-चमच्याने, बाकी नळी. आई माहेरून चांदीचं बोंडलं घेऊन आली, माझ्यासाठी वापरलेलं. सिस्टर म्हणाल्या चालेल, पण दर वेळी उकळून. सोबत आईने गुटीची सगळी सामग्रीही आणलीय. मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, सहाण. म्हणते, घरी गेल्यावर थोडी गुटी आणि मधाचं बोट लावू, पोट मजबूत होईल. तिला कसं सांगू?

शून्य_ते_अठ्ठावीस | २ जून, रात्री १०:१०

मध अजिबात नाही, वर्षभर नाही. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात त्यांना अडवणारे जीवाणू अजून बसलेले नसतात. सहाणेवर उगाळलेलं काहीही नको. एवढे पाच आठवडे आपण नळीचं टोक झाकून ठेवलं, आणि आता उघड्या सहाणेवरून तिच्या पोटात थेट वाट करायची?

पांझराकाठ | २ जून, रात्री १०:२५

भाऊ, आईला सांग गुटी बाळंतिणीला दे. नाराज होणार नाही, आणि वहिनीला डिंकाचे लाडूही करून घाल म्हणावं.

केळीवाला_यावल | १० जून, दुपारी ४:४५

१६९० ग्रॅम. आज सकाळी नळी काढली. दोन दिवस सगळं दूध अंगावर आणि बोंडल्याने घेतलं, वजन उतरलं नाही, म्हणून. नाकावर चिकटपट्टीचा लाल चट्टा राहिलाय, बाकी चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसला. नाक माझ्यावर गेलंय, बिचारी. आई गुटीवर अजून रुसलेली आहे, पण सहाण परत पिशवीत गेली.

सुट्टी सोमवारी. आशाताई घरी येऊन वजन करतील म्हणाल्या. सगळ्यांचे आभार, एकेकाचं नाव घेत नाही. मी ती नळी मागितली होती. आपल्या ठिबकसारखी चिरून आत काय दिसतं ते बघायचं होतं.

जुनी_सिस्टर | १० जून, सायंकाळी ५:०५

दिली नाही ना?

केळीवाला_यावल | १० जून, सायंकाळी ५:०७

नाही. 'दादा, वेड लागलंय का' म्हणाल्या आणि लाल पिशवीत टाकली.